आधी तपासा, मग रंगवा : फौजेच्या गाड्या-मशिनरी सांभाळणाऱ्या साहेबांना सोलापुरातून खुलं पत्र

प्रति,
संरक्षण मंत्रालय आणि आर्मी, नेव्ही, एअरफोर्स तिन्हीकडं मेन्टेनन्स बघणारे सगळे साहेब,

जय हिंद.

मी सोलापूरचा. ईएमईत, म्हणजे फौजेच्या गाड्या-मशिनरी दुरुस्त करणाऱ्या दलात, व्हेइकल मेकॅनिक होतो, हवालदार म्हणून पेन्शनला आलो, आता चिंचोळी एमआयडीसीत भाच्याच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये बसतो. हे पत्र कुणाची चुगली करायला लिहीत नाही. ज्या फौजेने हातात पाना धरायला शिकवलं तिच्या गाड्या, तोफा, जहाजं, विमानं गंजून वेळेआधी निकामी होऊ नयेत आणि त्यात बसलेल्या पोरांचा जीव जाऊ नये एवढ्यासाठी लिहितोय. मागणी एकच आहे. इन्स्पेक्शनच्या आधी रंग मारायची पद्धत बंद करा. आधी गंज शोधा, मोजा, त्याच गाडीच्या रेकॉर्डला लिहा, आणि मग काय रंग मारायचा तो मारा.

फौजेत जो राहिलाय त्याला सांगायला नको, इन्स्पेक्शनची तारीख पडली की युनिटमध्ये काय चालू होतं ते. चुना-गेरू निघतो, एमटी लाईनमधल्या, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या जागेतल्या, झाडांच्या बुंध्यापासून वाटेच्या कडेच्या दगडापर्यंत सगळं लाल-पांढरं होतं, टायर काळे होतात, व्हील नट रंगतात आणि गाड्यांवर ऑलिव्ह ग्रीनचा एक हात बसतो. पोरं रात्र रात्र जागून हे करतात, त्यामागं युनिटची इज्जत असते, त्यांच्या मेहनतीला मी नाव ठेवणार नाही. पण टेक्निकल टीम येते ती गाडीची खरी हालत बघायला, आणि तीच आपण आदल्या आठवड्यात झाकून ठेवलेली असते. रंग हा गंजावरचा इलाज आहेच, पण कधी, तर पत्रा घासून चकचकीत केला, त्यावर प्रायमर बसला आणि मग रंग चढला तर. गंजावरच फवारा मारला तर आतला ओलावा आतच कोंडतो, गंज आतून पसरत राहतो, गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतं म्हणून वरचा रंग फुगतो, पापुद्रा सुटतो, आणि पुढच्या इन्स्पेक्शनला त्या पापुद्र्यावर परत एक हात.

एक गाडी अजून डोळ्यापुढं आहे. थ्री टनर ट्रक, नुकतीच रंगवलेली, लांबून बघितली तर शोरूममधून आणल्यासारखी. आमच्या वर्कशॉपला एक सुभेदार साहेब होते, तमिळनाडूकडचे, अतिशय कमी बोलायचे. त्यांनी बॅटरी बॉक्सचे बोल्ट खोलायला लावले. बॅटऱ्या खाली घेतल्या, ट्रे काढला, आणि त्याच्या मागच्या क्रॉस मेंबरवर, म्हणजे चेसीच्या आडव्या पट्टीवर, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं. टण्ण असा आवाज यायला पाहिजे होता, आला थप्प असा, ओल्या पुठ्ठ्यावर ठोकल्यासारखा. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर उलटा धरून टोक दाबलं तर ते रंगातून सरळ आत गेलं आणि मूठभर तपकिरी चुरा खाली सांडला. वरचा हिरवा रंग मात्र जसाच्या तसा, त्या भोकाच्या कडेपर्यंत एकसारखा. बॅटरीच्या ॲसिडचे थेंब आणि वाफ वर्षानुवर्षं त्याच एका जागी बसत होती, वरून धूळ, धुताना पाणी, आणि तिथं कुणाचा हात जात नव्हता. लॉग बुक काढलं तर इंजिन ऑइल, ग्रीसिंग, ब्रेक, टायर, सगळ्याच्या नोंदी तारखेसह होत्या, व्यवस्थित होत्या. त्या क्रॉस मेंबरबद्दल एक ओळ नव्हती. त्या गाडीमागं तोफ जोडून पोरं घाटातून जाणार होती.

साहेब, त्या युनिटने काम केलं नव्हतं असं अजिबात नाही. जे विचारलं जातं ते सगळं त्यांनी केलं होतं. गंज विचारलाच जात नव्हता.

आणि फौजेला गंजाशी लढता येत नाही असंही नाही, रायफल बघा की. भरतीच्या पहिल्या दिवसांपासून पुलथ्रू, म्हणजे बॅरल साफ करायची दोरी, आणि चिंदी हातात येते, उस्ताद बॅरल उजेडाकडं धरून डोळा लावतो, आत एक काळा ठिपका दिसला तरी परत साफ करायला लावतो, आणि रायफल नंबरनिशी माणसाच्या नावावर असते त्यामुळं कुणी म्हणू शकत नाही की मला माहीत नव्हतं. ही शिस्त सुटली की मार बसतो. अमेरिकन फौजेने व्हिएतनाममध्ये एम-१६ रायफल दिली तेव्हा हिला फारशी साफसफाई लागत नाही असा समज पसरला होता, साफसफाईचं सामानही पुरेसं पोचलं नाही, चेंबरला, म्हणजे गोळी बसते त्या खोबणीला, क्रोमचा थर नव्हता, तिथल्या दमट हवेत चेंबरमध्ये गंजाचे बारीक खड्डे पडले आणि उडालेल्या गोळीची पुंगळी आतच चिकटून बसायला लागली, ऐन चकमकीत. काडतुसातली दारू बदलली होती त्याचाही त्यात हात होता. पोरं मेली, १९६७ मध्ये त्यांच्या संसदेच्या समितीने चौकशी केली, मग चेंबरला क्रोम आलं, साफसफाईचं किट आलं. म्हणजे रायफलीचा धडा फौजांनी घेतलाय. आता तीच शिस्त चेसीला, टाकीला, रोटरला आणि प्रोपेलरला लावायची आहे.

प्रोपेलरवरून सांगतो, कारण माझी मागणी या एका अपघातात अख्खी बसते. १० जुलै २०१७, अमेरिकन मरीन कोअरचं केसी-१३०टी विमान, आपल्याकडं हर्क्युलिस म्हणून ओळखतात त्याच जातीचं पण जुनं, मिसिसिपी राज्यावरून चाललेलं. दोन नंबरच्या इंजिनाच्या पंख्याचं एक पातं उडता उडता तुटलं, विमानाच्या अंगात घुसलं, विमानाचे हवेतच तुकडे झाले, आत होते ते सगळे १६ जण गेले, १५ मरीन आणि नेव्हीचा १ जवान. चौकशीत निघालं काय, तर त्या पात्याच्या मुळाशी गंजाचा एक बारीक खड्डा होता, त्यातून चीर सुरू झाली आणि वाढत वाढत गेली. आणि पुढची गोष्ट नीट वाचा साहेब. ते पातं २०११ मध्ये त्यांच्या एअरफोर्सच्या वॉर्नर रॉबिन्स डेपोला ओव्हरहॉलसाठी गेलेलं होतं. खड्ड्याच्या आत तिथला संरक्षक थर सापडला. म्हणजे गंज आधी होता, तो न काढता त्याच्यावर थर चढवला आणि पातं 'ओके' होऊन बाहेर आलं. कुणी तपासलं, कसं तपासलं हे बघायला गेले तर ते कागद दोनच वर्षं ठेवायचा नियम होता, कागदच नव्हते. जगातली सगळ्यात श्रीमंत फौज, मशिनी आहेत, मॅन्युअल आहेत, सगळं आहे, आणि तरी गंजावर थर चढला आणि रेकॉर्ड राहिलं नाही एवढ्या दोन गोष्टींनी १६ घरं उघडी पडली.

आता कुणी म्हणेल हे समुद्राकाठचं दुखणं, सोलापूरसारख्या कोरड्या भागात राहणाऱ्याने कशाला यावर बोलायचं. तर मुद्दाम बोलतोय. आमचा जिल्हा दुष्काळी, मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो, आणि इथल्याच एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या डाइंगच्या शेडवरचे पत्रे वाफेने आणि केमिकलने काही वर्षांत चाळण होतात, आम्हीच बदलून देतो. आणि तिथून दोन-चार किलोमीटरवर उघड्या रानातलं लोखंडी गेट वीस वर्षं उभं असतं, वरवर लाल झालेलं, बाकी ठणठणीत. गाव तेच, ऊन तेच. गंज जिल्ह्याची हवा बघून येत नाही, त्या लोखंडाच्या चार इंचावर काय चाललंय ते बघून येतो. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की लोखंडाचं गंजणं एकदम वेग घेतं, मीठ बसलेलं असेल तर त्याच्या खालीसुद्धा, आणि जुलै-ऑगस्टच्या सकाळी आपल्या सोलापुरातही आर्द्रता आरामात त्याच्या पुढं असते. त्यात बोअरच्या खाऱ्या पाण्याने गाडी धुतली की वाळल्यावर पांढरा थर राहतो तो वेगळाच.

म्हणून गाडी कुठं उभी आहे ते बघाच, पण गाडीत पाणी कुठं उभं राहतं ते आधी बघा. रबरी मॅटच्या खाली. दाराच्या तळाशी, जिथं पाणी जायची भोकं चिखलाने बुजलेली असतात. पाट्याच्या स्प्रिंगांच्या दोन पाट्यांमध्ये. ताडपत्रीचा हूड जिथं बॉडीला घासतो तिथं. डिझेलच्या टाकीच्या बुडाला, कारण अर्धी टाकी ठेवून गाडी महिनोन् महिने उभी केली की दिवसा गरम रात्री गार या फरकाने आतल्या हवेतलं पाणी सुटतं आणि तळाला जमतं. ब्रेकचे पाइप जिथं क्लिपने चेसीला धरलेत त्या क्लिपच्या मागं. अर्थिंगच्या पट्टीखाली, जिथला गंज दिसत नाही पण लाइट मिणमिणायला लागते आणि पोरं अख्खं वायरिंग बदलत बसतात. ही ठिकाणं प्रत्येक जुन्या मेकॅनिकला पाठ असतात, कागदावर मात्र क्वचितच असतात.

दोन वेगळे धातू जोडले तिथं तर डोळ्यात तेल घालून बघायला पाहिजे. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात स्टीलचा बोल्ट, मध्ये ओलावा, की ॲल्युमिनियम खाल्लं जाणार. यूएसएस इंडिपेंडन्स नावाची युद्धनौका, ॲल्युमिनियमच्या बॉडीची, २०१० मध्ये अमेरिकन नेव्हीत आली आणि २०११ मध्येच तिच्या वॉटरजेटच्या, म्हणजे पाण्याचा झोत मारून नौका पुढं ढकलणाऱ्या यंत्राच्या, स्टीलच्या भागाजवळ ॲल्युमिनियम खाल्लेलं सापडलं. नवीकोरी नौका. वय बघून तपासणी ठरवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता मागणी थोडी सविस्तर. प्रत्येक गाडीला, प्रत्येक तोफेला, प्रत्येक जनरेटरला गंजाचं वेगळं कार्ड पाहिजे, तिच्या नंबरचं, आणि ती दुसऱ्या युनिटला गेली, डेपोला गेली, तरी कार्ड तिच्याबरोबर जायला पाहिजे आणि ती भंगारात निघेपर्यंत राहायला पाहिजे. कार्डवर त्या मॉडेलच्या ठरलेल्या जागा छापलेल्या असाव्यात, पंधरा-वीस पुरे, वर लिहिल्या तशा. प्रत्येक जागेचा दर वेळी त्याच कोनातून फोटो. गंज किती ते सांगायला साध्या चार पायऱ्या, नुसता डाग, पापुद्रा, खड्डा, आरपार भोक, म्हणजे आसाममधला नायक आणि राजस्थानातला नायक एकच भाषा बोलतील. आणि महत्त्वाच्या जागी पत्र्याची जाडी, अल्ट्रासोनिक गेजने, खिशात मावेल एवढं मशीन असतं ते, एका बाजूने लावलं की जाडी दाखवतं, आमच्यासारखे शेडवालेसुद्धा टाक्यांच्या कामाला वापरतात. आज चार मिलिमीटर भरलं, एवढ्याने काही कळत नाही. सहा महिन्यांनी परत त्याच जागी ३.६ भरलं की कळतं ही गाडी किती दिवस चालेल, पुढच्या पावसाळ्याआधी उचलायची की दोन वर्षं थांबता येईल. सुटे भाग कधी मागवायचे ते त्यावरून ठरतं, आणि तोफ अडकून पडल्यावर धावपळ करावी लागत नाही.

तपासणी किती दिवसांनी, हे मात्र सगळीकडं एकसारखं ठरवू नका. विशाखापट्टणम, मुंबई, अंदमानला महिन्याला बघावं लागेल, कच्छच्या रणातून एक्सरसाइज करून आलेली गाडी तर आल्या दिवशी गोड्या पाण्याने खालून धुऊन, वाळवून, मगच लाईनला लागली पाहिजे. धुताना प्रेशरची नळी बेअरिंगच्या सीलवर धरायची नाही हेही शिकवावं लागतं, नाहीतर मीठ आत ढकललं जातं. सोलापूर-अहिल्यानगरसारख्या भागात पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा नीट केली तरी खूप झालं. लांब मुदतीसाठी साठवलेल्या सामानाच्या गोदामात आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली ठेवायची मशिनं लावा आणि त्यांचे आकडे रोज लिहा.

ज्याने गंज शोधला त्याला शिक्षा होता कामा नये, ही गोष्ट मला सगळ्यात जास्त जवळची आहे. आज एखाद्या पोराने इन्स्पेक्शनच्या आधी सांगितलं की साहेब या गाडीची फ्लोअर प्लेट गेलीये, तर गाडी ऑफ रोड होते, म्हणजे वापरातून बाजूला निघते, युनिटचे आकडे खाली येतात, आणि सगळे त्या पोराकडं असे बघतात की गंज त्यानेच लावलाय. मग पुढच्या वेळी तो मॅट उचलतच नाही. उलटं करा. गंज जेवढा लवकर सापडला तेवढं युनिटला श्रेय द्या, डागाच्या पायरीवर पकडला तर शाबासकी, भोकाच्या पायरीवर पहिल्यांदा दिसला तर मात्र विचारा की आधीच्या तीन पायऱ्यांना कोण बघत होतं. आणि गाडी थांबवायचा अधिकार तपासणाऱ्याच्या सहीला द्या, त्याच्यावर वरून कुणी दाब आणायचा नाही.

अग्निपथ आल्यापासून हे आणखी गरजेचं झालंय. अग्निवीर चार वर्षांसाठी येतो, त्यातले फार तर पंचवीस टक्के पुढं कायम राहतात. आमच्या सुभेदार साहेबांना मुठीच्या आवाजावरून गंज कळायचा तो पंचवीस-तीस वर्षांच्या सवयीने. चार वर्षांत तो कान तयार होणार नाही, पोरगं कितीही हुशार असलं तरी. आमच्या बार्शी, करमाळा, माढ्याकडची आयटीआय झालेली पोरं जातायत, हाताला चांगली आहेत, पण त्यांच्या हातात आधीच्या माणसाने काय बघितलं होतं ते कार्ड आणि फोटोच्या रूपाने पडलं तरच ती पहिल्या वर्षापासून नीट काम करतील.

खर्चाचं म्हणाल तर अमेरिकेने हिशोब मांडलाय. २००२ च्या डिसेंबरमध्ये झालेल्या कायद्याने त्यांच्या संरक्षण खात्यात गंज या एकाच विषयासाठी वेगळी जबाबदारी नेमली, खर्च मोजायला लावला, आणि आकडा निघाला वर्षाला सुमारे २० अब्ज डॉलर. आपल्या पैशात पावणेदोन लाख कोटींच्या आसपास. आपलं २०२५-२६ चं अख्खं संरक्षण बजेट ६.८१ लाख कोटींचं, त्याच्या पाव भाग झाला. आपला गंज वर्षाला किती खातो हा हिशोब आपल्यालाही मांडून बघायला पाहिजे, आणि मोजायचा तर कार्ड पाहिजेच.

ज्ञान आपल्याकडं नाही असं कुणी म्हणू नये. अंबरनाथला डीआरडीओची नौदलासाठीची मटेरियल्सची लॅब आहे, तमिळनाडूत कारैकुडीला सीएसआयआरची संस्था कित्येक दशकं गंजावर काम करतेय, खडकीला बेस वर्कशॉप आहे, सिकंदराबादला ईएमईचं कॉलेज आहे. तिथलं शहाणपण एमटी लाईनमधल्या ड्रायव्हरपर्यंत मराठी-हिंदी-तमिळमध्ये, चित्रांसह, एका पानावर आलं पाहिजे. शंभर पानी इंग्रजी पुस्तिका कपाटात राहते, मी बघितलंय.

आणि विक्रांत विसरू नका. १९७१ ला बंगालच्या उपसागरात पाकिस्तानची कोंडी केलेली आपली पहिली विमानवाहू नौका, १९९७ ला निवृत्त झाली, मुंबईत म्युझियम म्हणून उभी राहिली, शाळेच्या सहली जायच्या. २०१२ मध्ये जहाज आता सुरक्षित राहिलं नाही म्हणून लोकांना बंद केलं आणि २०१४ मध्ये तोडायला काढलं. तिच्या लोखंडाची मोटारसायकल निघाली, आपल्या सात रस्त्यावरसुद्धा दिसायची, लोक अभिमानाने चालवायचे, मलाही ती बघून भरून यायचं. पण खाऱ्या पाण्यात उभ्या लोखंडाला ठरल्या वेळी ड्राय डॉकला, म्हणजे पाणी काढून टाकलेल्या गोदीत, घेऊन तळ तपासावाच लागतो, निवृत्त असो नाहीतर नोकरीतलं असो, आणि त्याला पैसे आणि जबाबदार माणूस आधीपासून नेमून ठेवावा लागतो.

तर साहेब, येत्या १५ ऑक्टोबरला ईएमईचा स्थापना दिवस आहे. त्या दिवशी प्रत्येक वर्कशॉपने आपली एक गाडी, रंगवायच्या यादीत सगळ्यात वर असलेली, न रंगवता रॅम्पवर घ्यावी. मॅट उचलावी, बॅटरी ट्रे काढावा, दाराची भोकं मोकळी करावी, स्क्रूड्रायव्हर आणि गेज लावून बघावं, आणि जे निघेल ते जागा, पायरी, मिलिमीटर असं लिहून, फोटोसह, सीओ साहेबांच्या, म्हणजे युनिटच्या प्रमुखांच्या, टेबलावर ठेवावं. याला नवीन बजेट लागत नाही, एक ऑर्डर लागते. ती तेवढी काढा. आणि कार्डाचा नमुना ठरवायला बसाल तेव्हा दोन-चार रिटायर्ड मेकॅनिक बोलवा, आमच्या सोलापुरात माजी सैनिक भरपूर आहेत, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला निरोप धाडला तरी आम्ही आपल्या खर्चाने येऊ.

आपला,
ईएमईचा एक माजी हवालदार,
सोलापूर